दोन महिन्यांचं मलम

पणदऱ्याचा दिग्विजय मोटारसायकलवर गावोगाव फिरून कृत्रिम रेतनाची सुई देऊन गाई भरवायचा. गोठ्यात उभा राहून मालकालाच दटावायचा, की जनावराचं दुखणं लपवत जाऊ नका, आधी दाखवा. स्वतःचं दुखणं मात्र या बहाद्दरानं कळत्या वयापासून लपवलं होतं. शिश्नाची पुढची कातडी इतकी घट्ट, की मागं सरायचीच नाही. जोर केला की चिरायची, आग आग व्हायची. लग्न झालं, पण रेश्माजवळ गेला की वेदनेनं घाम फुटायचा. मग तो पाठ करून झोपायचा आणि तिनं कारण विचारलं तर खेकसायचा.

तीन वर्षं गेली. पाळणा हलेना, तेव्हा तपासण्या रेश्माच्या झाल्या, उपासही तिलाच लावले. शेवटी भावकीची बैठक बसली. काडीमोड करायचा तर दोघांपैकी एकाचा दोष बैठकीत सांगावा लागे. चुलते आबाजी म्हणाले, खोट पोरीत आहे. सगळ्यांनी दिग्विजयकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, आणि लोकांनी तोच होकार धरला. काडीमोड झाला आणि रेश्मा पळसदेवला माहेरी गेली. तोंड उघडायला एवढं काय जात होतं त्याचं?

घरात दुसरी मुलगी बघायचं निघालं, तशी त्याची पाचावर धारण बसली आणि तो बारामतीच्या डॉक्टरांकडे गेला. सुंताच करतील, गावभर बोभाटा होईल, या धास्तीनं त्यानं इतकी वर्षं काढली होती. डॉक्टरांनी तपासलं, रक्तातली साखर बघितली आणि म्हणाले, पुष्कळांना असतं हे. रोज मलम लावायचं, कोमट पाण्यानं अंघोळ करताना कातडी हलकेच ताणायची, दुखेल इतकी नाही. मागं सरलेली कातडी लगेच पुढं आणायची. अडकून बसली तर तडक दवाखाना गाठायचा. गुण आला नाही तर छोटी शस्त्रक्रिया, त्याच दिवशी घरी.

दोन महिन्यांत मलमानंच गुण आला. त्या दिवशी दिग्विजय न्हाणीत बसून ढसाढसा रडला.

अंघोळ उरकून तो थेट पळसदेवला गेला. रेश्मा ओट्यावर शेंगा फोडत होती. त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं, आणि परत नांदायला चल म्हणाला.

"किती दिस लागलं?" तिनं विचारलं.

"दोन म्हैनं."

"मी तीन वरसं माझ्यातच खोट शोधली." तिचे हात थांबले. "येते मी. पर आधी बैठक बोलवा. त्याच मान्सांम्होरं सांगा, खोट हिच्यात नव्हती म्हणून. सांगाल?"

दिग्विजयच्या डोळ्यांपुढं आबाजी उभे राहिले, भावकी उभी राहिली, ज्यांच्या गोठ्यांत रोज जायचं ती सगळी माणसं उभी राहिली. रेश्मावर त्याचा जीव होता, अजूनही होता.

"बघू," तो म्हणाला.

रेश्मा उठली. पाहुण्यापुढं ठेवतात तसा पाण्याचा तांब्या तिनं त्याच्यापुढं ठेवला आणि पुन्हा शेंगा फोडायला बसली.