अर्धा कोयता

ऊसतोडीच्या व्यवहारात माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही; कारण एकाने ऊस तोडावा व दुसऱ्याने त्याची मोळी बांधावी, अशी त्या कामाची रीत आहे. पाथर्डी तालुक्यातील आमच्या वस्तीवर लेकरांना दोनाचा पाढा येण्याआधी ही गोष्ट समजते. वाचकांपैकी कोणास ती ठाऊक नसेल, म्हणून प्रारंभीच नमूद केली. पुढील हकिगत याच एका शब्दापायी घडली.

सहादेव आणि लंकाबाई हा आमच्या वस्तीवरील नामांकित कोयता होता. गेल्या हंगामात श्रीगोंद्याच्या बाजूला ते उसाच्या एका फडात असताना ट्रक भरण्याचे काम चालले होते. ट्रकला लाकडी फळी तिरपी लावतात, व डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढावे लागते. त्या फळीवरून लंकाबाई खाली पडली. कमरेला मुका मार बसला. थोडा वेळ ती पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर, बसून राहिली, पाणी प्याली आणि पुन्हा मोळीला भिडली. सहादेवाने हे सर्व पाहिले. तो मूळचाच अबोल मनुष्य. त्या वेळीही काही बोलला नाही. परंतु त्याच्या अंतःकरणात काहीतरी ठरले असावे. कारण वस्तीवर परत आल्यावर उन्हाळ्यातच त्याने शिर्डीच्या एका फूलवाल्याकडून जुनी पांढरी व्हॅन आणली.

ती व्हॅन ज्या दिवशी आली, त्या दिवशी तिच्या पायपुसण्याखाली वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. लंकाबाईने त्या गोळा करून देवापुढे ठेवल्या. तिला वाटले, नवऱ्याला हौस आली असेल. त्या गाडीचे पुढे काय करायचे, हे त्याने तिला सांगितले नव्हते. वस्तीवरील मुली सातवीनंतर घरी बसतात, कारण मोठी शाळा दूर आहे व रस्त्यात माळ लागतो. त्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्याचे काम करावे, असा सहादेवाचा विचार होता. दोन-चार मुलींच्या आईबापांशी तो बोललाही होता. तेवढ्यात गाडीनेच मान टाकली.

रोगाचे निदान त्याने स्वतःच केले. रेडिएटरमधले पाणी कमी होत होते आणि गळती कुठेच दिसत नव्हती. शेवटी त्याने ऑइलची कांडी उपसून पाहिली, तर ऑइल दुधाच्या चहासारखे झालेले. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, व खालचा भाग यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ चकती असते. ती जळाली होती, आणि त्या वाटेने पाणी ऑइलात उतरत होते. गाडी जागची हलेना, आणि मिस्त्री एवढ्या आडवाटेला येईना. तेव्हा सहादेवाने मोबाईलवर पाहून पाहून आपल्याच हातांनी इंजिन खोलले. हेड गोणीत गुंडाळून एसटीने नगरला नेले, लेथवाल्याकडून त्याचा तळ सपाट करून आणला. नवे गॅस्केट बसवले. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, थोडे थोडे करून आवळले, जणू तो एखाद्या आजारी माणसाला पट्टी बांधत होता. हे काम पाहण्यासारखे होते, असे मी प्रामाणिकपणे लिहितो.

इतके होईपर्यंत दसरा उलटला आणि टोळ्या निघण्याचे दिवस आले. मुकादम सूर्यभान घरोघर नावे पक्की करू लागला. सहादेवाने त्याला वाटेतच गाठून सांगितले, "आमचं नाव यंदा धरू नको." एवढेच. आणि ही गोष्टही त्याने घरी सांगितली नाही.

घरी ती पोहोचली पाण्याच्या टँकरवरून. आमच्या वस्तीवर दगडाबाई नावाची विधवा बाई राहते. जिभेची तिखट, पण मनाने वाईट नव्हे. हंडा भरता भरता ती म्हणाली, "लंके, तुमचा कोयता मोडला म्हनं."

"कुनी सांगितलं?"

"सूर्यभाननं. म्हनला, सहादूनं नाव काडलं. बायकू मोडलीया म्हनून आसंल, असं मी म्हनले बाई. खरं का?"

लंकाबाईने हंडा तसाच टाकला आणि ती तडक सूर्यभानकडे गेली. तिचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ याच वस्तीवर राहतो. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून तोही यंदा अर्धाच होता. लंकाबाईने सूर्यभानला सांगितले, "माजा अर्धा न् गोरखचा अर्धा. कोयता धर."

त्या सायंकाळी त्यांच्या घरात जे बोलणे झाले ते भिंतीपलीकडे ऐकू आले, कारण त्यांच्या व आमच्या घरामधली भिंत पत्र्याची आहे.

"माजं नाव कुनी काडलं?"

"मी."

"मला इचारलं?"

"तुजी कंबर..."

"कंबर माजी हाय का तुमची?"

सहादेव म्हणाला, "गाडी चालू झाली का सांगनार हुतो."

"म्हंजी गाडी चालू व्हईस्तवर मी मोडकी. व्हय ना? समद्या टँकरवर माजा कोयता मोडला म्हनून डंका झाला. मी जानार. तुमी बसा त्या डबड्यापाशी."

लग्न झाल्यापासून ही दोघे फडाजवळच्या एकाच कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहिली, एकाच फडात राबली. आता तिने भावासोबत जायचे आणि त्याने इथे एकट्याने राहायचे, असे ठरल्यासारखे झाले. तिची समजूत काढावी असे सहादेवाला फार वाटले असणार. परंतु समजूत शब्दांनी काढतात, आणि शब्द त्याच्यापाशी नव्हते. त्याच्यापाशी बोल्ट आवळायचे पाने होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो पुन्हा इंजिनाला भिडला. दिवस मावळायच्या आत गाडी सुरू झाली तर लंका थांबेल, असे त्याने मनाशी धरले होते. टोळीला नेणारा ट्रक त्याच्या पुढच्या दिवशी उजाडताच निघणार होता.

दुपारनंतर गाडी जुळून तयार झाली. आता अडचण अशी की, या व्हॅनचे इंजिन पुढच्या डाव्या सीटखाली असते. सीट मागे उलटली म्हणजे ते दिसते. चावी मात्र उजव्या हाताला. इंजिन फिरत असताना डाव्या बाजूला वाकून डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा डबा, किंचित फिरवून ठिणगीची वेळ जुळवावी लागते. सहादेव उजवीकडून चावी फिरवी, इंजिन कसेबसे पकडे, की हा गाडीला वळसा घालून डावीकडे पळे. तो पोहोचेपर्यंत "फट्" असा आवाज होऊन इंजिन बंद. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कार्बोरेटरमधून धूर उलटा फेकला जाई. उलटलेल्या सीटखाली खुडूक बसू पाहणारी एक कोंबडी ओरडत पळाली.

बांधावर बसलेली मंडळी हसू लागली. सूर्यभानही ट्रकचे दोर तपासत तिथेच होता. तो म्हणाला, "सहादू, एकट्यानंच फुगडी खेळतूस व्हय रं?"

हशा पिकला. दगडाबाई म्हणाली, "आरं, फुगडीला दुसरी लागती. त्याची दुसरी ट्रकात बसाया निघालीया."

लंकाबाई दारात बोचके बांधत होती. तवा, घोंगडी आणि गोणपाटात गुंडाळलेला कोयता तिने त्यात घातला होता. तिने गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली. मग ती उठली आणि पदर खोचून गाडीपाशी आली.

"दात झाकून ठिवा समदे," ती बांधाकडे पाहून म्हणाली. "माज्या दाल्ल्याला मी हसन. तुमाला कुनी सांगितलंय?"

मग सहादेवाकडे न पाहता ती चालकाच्या जागेवर बसली. "काय करायचं सांगा. बसलीया म्हून रुसवा गेला आसं समजू नगा."

"गियर मोकळा हाय. खाली पाय लावू नको. मी म्हनलं का चावी फिरव, पकडलं का सोड."

"कंच्या अंगाला फिरवू?"

"मोळीला पीळ देतीस त्या अंगाला."

हे तिला नेमके कळले. तिने चावीला पीळ दिला. इंजिन घुरघुरले. सहादेव डबा हळूहळू फिरवू लागला. थोडे इकडे, थोडे तिकडे. पण इंजिन काही केल्या सरळ चालेना. धडपडत, गचके खात, फटफट करत ते पुन्हा बंद पडले. त्याने कपाळ पुसले. कपाळावर काळा पट्टा उमटला.

"परत," तो म्हणाला.

पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या खेपेस लंकाबाईने मान कलती करून ऐकले.

"अवो," ती म्हणाली, "ह्यात किती हायेत?"

"काय किती?"

"ठोका देनारे."

"तीन."

"त्यातला एक नीट चालतुया बगा. दुसरे दोगं एकमेकाच्या पायात पाय घालत्यात. फळीवर व्हतं तसं."

"फळीवर कसं?"

तिने चावीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मी पडले तवा झालं तसं. मी मोळी घिऊन फळीच्या मदी. माजा पाय ट्रकात पडायच्या आदी मागच्यानं फळीवर पाय टाकला. फळी नाचली, मी खाली. कंबर मोडकी हुती म्हून न्हाई पडले मी."

सहादेवाने हळूच विचारले, "मागं कोन हुतं?"

"तुमी."

तिने ते रागाने म्हटले नाही. एवढे दिवस पदराच्या गाठीला बांधून ठेवलेली वस्तू सोडून द्यावी, तसे म्हटले. सहादेव उघड्या इंजिनाकडे पाहत राहिला. मला वाटते, त्याला इंजिन दिसत नव्हते.

"तू कदी बोलली न्हाईस."

"तुमी कदी इचारलं?"

मग त्याचा हात डिस्ट्रिब्यूटरच्या वायरींकडे गेला. सहादेव लग्नाआधी दोन हंगाम कारखान्यावर ट्रॅक्टरचा चालक होता, आणि इंजिनाची ओळख त्याला तिथेच झालेली. ट्रॅक्टर डिझेलचा. त्याच्या इंजिनावरच्या डिझेलच्या नळ्या लोखंडी व वाकवलेल्या असतात. ज्याची नळी त्यालाच बसते, दुसऱ्याला बसतच नाही. त्यामुळे खोलताना खूण करावी, हे त्याला सुचलेच नव्हते. या गाडीच्या वायरी रबरी आणि एकसारख्या. त्याने फडातल्या सऱ्या धराव्यात तशा त्या तिन्ही सिलिंडरांना ओळीने लावल्या होत्या: पहिल्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. आणि या इंजिनाची रीत पहिल्यामागे तिसरा, मग दुसरा, अशी होती. दुसऱ्याची पाळी यायच्या आधीच त्याला ठिणगी मिळत होती.

त्याने दोन वायरी उपसल्या आणि अदलाबदल करून लावल्या.

"लंके, दे पीळ."

इंजिन एकदा खोकले, आणि मग चालू राहिले. सहादेवाने डबा किंचित फिरवला, तशी त्याची धडधड कमी होत होत एकसारखी झाली. मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला, मग पातळ झाला. लंकाबाईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि स्टिअरिंग थरथरत होते. ती हसली नाही, पण तिने चावीवरून नजर काढली व प्रथमच नवऱ्याकडे पाहिले.

सहादेव तिच्या बाजूच्या दाराशी येऊन उभा राहिला. बोलण्यासाठी त्याने किती कष्ट घेतले, ते आम्ही सर्वांनी पाहिले.

"ह्या गाडीत पोरी न्यायच्यात साळंत," तो म्हणाला. "पोरींच्या आया म्हनत्यात, गाडीत बाई पायजे, तरच धाडू. मी त्यांना म्हनलं, बाई बगतो कुनी तरी. तुला इचारलं न्हाई. तुला इसावा द्यावा म्हून... पन आता इचारतो. येशील का?"

"आन् न्हाई म्हनले तर?"

"तर सकाळी तुजं बोचकं मी ट्रकात ठिवीन. न् मागनं फळीवर पाय टाकनार न्हाई."

लंकाबाई बांधावर बसलेल्या भावाकडे पाहून म्हणाली, "गोरख, तुजं काय?"

गोरक्षनाथ काही म्हणण्याआधी दगडाबाईच उठून उभी राहिली. "त्याचं काय इचारती? मी कवाची अर्धी बसलीया. गोरखची मोळी मी बांधीन. माज्या हातची मोळी सुटत न्हाई, सूर्यभानला इचार."

"सुटत न्हाई," सूर्यभान म्हणाला. "पर बोलनं बी सुटत न्हाई."

पुन्हा हशा पिकला, पण या हशाला धार नव्हती. सूर्यभानने ट्रकचा दोर खांद्यावर टाकला. "मंग लंकाबाय, मी काय धरू? कोयता मोडला म्हनू का?"

"मोडला न्हाई," लंकाबाई म्हणाली. "धार लावाया घातलाय."

सूर्यभान मान हलवत निघून गेला. मंडळीही हळूहळू उठली. दारातले बोचके तसेच पडून होते, व कोंबडी आता त्याच्यावर जाऊन बसली होती. सूर्य माळाच्या कडेला टेकला होता. व्हॅन आपल्या जागी उभी राहून धडधडत होती, आणि ती दोघे त्या आवाजाकडे कान देऊन होती.

"अवो," लंकाबाई म्हणाली, "हे बंद कसं करत्यात?"

सहादेव खिडकीवर हात ठेवून उभा होता.

"ऱ्हाऊ दे जरा," तो म्हणाला.