सहावी टाचणी

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हसा बघू." मी हसले. आरशातली बाई माझ्याकडे बघून दात विचकत होती. चेहरा माझाच, पण तोंड कुणाकडून तरी उसनं आणलेलं. मला धडकीच भरली. झोपेत ही कवळी घशात गेली तर, हा पहिला विचार मनात आला आणि मी तो बोलूनही दाखवला.

"एवढी मोठी वस्तू घशात जात नाही हो आजी," त्या हसून म्हणाल्या. "पण वरच्या कवळीनं टाळू झाकला जातो. सवय होईपर्यंत तोंडात काय आहे, कुठं आहे, हे नीट कळायचं नाही. बिया, काटे जपून."

"आणि टाचण्या?" शेजारी उभी असलेली माझी सून म्हणाली. हिला कुणी विचारलं होतं?

"टाचण्या?"

"आई शिवणकाम करतात. टाचण्या तोंडात धरतात, मूठमूठ."

"मूठमूठ नाही," मी म्हणाले. नव्या दातांतून पहिलंच वाक्य निघालं तेही शिट्टी वाजवत.

"एकसुद्धा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही खटलाच जिंकली होती.

आता यांना काय सांगायचं? आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीशी माझं मशीन, भिंतीशी सुनेचं, मध्ये कापायचं टेबल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथं बसते आहे, आणि तेव्हापासून तोंड हा माझा तिसरा हात आहे. दोन्ही हातांनी दुमड धरायची आणि टाचण्या ओठांतून एकेक काढायच्या. किती उरल्या ते जीभ सांगायची. एकदाही चुकली नाही. सगळे दात गेले, बोळकं झालं, तरी चुकली नाही. कवळी बसली आणि माझी जीभ आंधळी झाली.

ते दिवस मी भीतभीतच काढले. हिरड्या सोलून निघाल्या होत्या. तोंडात सारखं पाणी सुटायचं. बोलताबोलता वरची कवळी टक् करून खाली यायची, आणि गिऱ्हाईकासमोर ती एक दिवस थेट टेबलावर पडणार, अशी माझी खात्री झाली होती. म्हणून मी तोंडावर रुमाल धरून बोलायला लागले. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. झोपताना ती काढून पाण्यात ठेवायची, तरी मध्येच दचकून जाग यायची आणि मी गळा चाचपायची. मुलगा कामानिमित्त परगावी असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, होईल सवय." त्याचे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, त्याचं काय जातंय म्हणायला.

टाचण्या मात्र मी सोडल्या होत्या. सून समोर असेपर्यंत.

त्या दिवशी दुपारी ती तयार कपडे पोचवायला गेली होती. मी घड्याळवाल्याच्या मुलीचा फ्रॉक संपवत होते. पोर आठ-नऊ महिन्यांची, दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयातली. फिकट पिवळा फ्रॉक, आत मऊ अस्तर, खाली दुहेरी दुमड. गोल घेर हातात धरून टाचायचा म्हणजे कसरत असते. डबीतून टाचणी काढायला गेलं की दुमड सुटते, दुमड धरली की टाचणी राहते. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा सुटली आणि माझं डोकं फिरलं. मी सहाच्या सहा टाचण्या तोंडात धरल्या.

सहाच, कारण तान्ह्या मुलांच्या कपड्यांना आमच्याकडे वेगळ्या टाचण्या असतात. ही माझ्या सासूबाईंची शिस्त. पत्र्याची छोटी डबी, तळाला बुचाचा गोल तुकडा आणि त्यात गोलाकार टोचलेल्या सहा बारीक टाचण्या. त्या दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत आणि डबी पुरी भरल्याशिवाय मुलाचा कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी आधी डबी बघायची. सासूबाईंनी एवढी एक गोष्ट माझ्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती आणि मी ती सुनेच्या डोक्यात ठोकली.

दुमड टाचत आणली आणि दारात घड्याळवाल्याची आई उभी. गल्लीत तिला सगळे रेडिओ म्हणतात. एकदा सुरू झाली की बटण सापडत नाही.

"झाला का गं फ्रॉक? फोटो काढायला जायचंय. अगंबाई, दात बसवलेस? बघू, बघू!"

झालं. माझा सगळा जीव वरच्या कवळीत गोळा झाला. मी पाठ फिरवली, तोंडात उरलेल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या, रुमाल धरला, हं-हं करत दुमडीतल्या टाचण्या काढत काढत मशीनवर दुमड मारून घेतली. ती बोलतच होती. पोरीला दात येतायत, रडून रडून घर डोक्यावर घेते, तुझे बसवले तर तू गप्प झालीस, असं आणि तसं. कवळी टक् करून खाली आली. मी ती जिभेनं वर ढकलली, घटाघट लाळ गिळली, फ्रॉक घडी घालून पिशवीत टाकला आणि एकदाची तिची रवानगी केली.

मग टेबलावरच्या टाचण्या डबीत लावायला बसले. एक, दोन, तीन, चार, पाच. बुचावर एक जागा रिकामी राहिली.

आधी टेबल बघितलं, मग मांडी, मग मशीनखालची फरशी. दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसले आणि खोलीभर फिरवलं. कधीकाळच्या दोन सुया निघाल्या, एक हुक निघाला. बारीक टाचणी नाही. कवळी बाहेर काढून उजेडात धरली, उलटीसुलटी केली. बोटानं हिरड्या चाचपल्या. सगळीकडे टोचत होतं. फोडांनी भरलेल्या तोंडात टाचणीचं टोचणं वेगळं कसं ओळखायचं? आवंढा गिळला तर घशात टोचलं. पुन्हा गिळला तर छातीत टोचलं.

आणि तेवढ्यात दुसरा विचार आला. टाचणी माझ्या पोटात नसेल तर कुठं आहे?

सून आली तेव्हा मी जमिनीवर बसून होते. कवळी एका हातात, डबी दुसऱ्या हातात. तिनं डबीकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही.

"तोंडात धरल्या होत्या?"

"हो."

"गिळलीत?"

"कळत नाही गं. काही कळत नाही. नाहीतर फ्रॉकमध्ये आहे."

मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. तिला तो हक्क होता. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिनं फोन लावला. रेडिओचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. एरवी ही बाई पहिल्या घंटीला उचलते.

"आई, आपण आधी दवाखान्यात जाऊ."

"आधी फ्रॉक."

"ते लोक बघतील हो. मी फोन करत राहते. तुमच्या पोटात असली तर..."

"माझ्या पोटात असली तर बरंच आहे," मी ओरडले. "पोरीच्या अंगात घुसली तर? तिनं तोंडात घातली तर? चल!"

आम्ही निघालो. कवळी रुमालात गुंडाळून मी चुंबक आणि कात्रीबरोबर पिशवीत टाकली. कवळी बसल्यापासून तिच्याशिवाय मी कधी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, पण ते चौकात पोचल्यावर ध्यानात आलं आणि तेव्हा परत फिरायला वेळ नव्हता. सून पुढे, मी मागे धापा टाकत. मनात एकच चाललं होतं. देवा, माझ्यात असू दे. माझं आतडं फाटू दे, काय व्हायचं ते होऊ दे, पण ती माझ्यात असू दे.

घड्याळवाल्याचं घर त्याच्या दुकानाच्या वरच. जिन्यातच पोरीचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हे, श्वास अडकेपर्यंतचं. मी तिथंच थांबले. सुनेनं दंडाला धरून वर ओढलं.

दार उघडंच होतं. रेडिओ पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. पोरीच्या अंगात पिवळा फ्रॉक.

"काढ तो," मी म्हणाले.

"अगं काय झालं? तुझे दात कुठं गेले?"

"फ्रॉक काढ. आत टाचणी राहिलीय."

त्या बाईची बोलती बंद झालेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिच्या हातून बटण निघेना. सुनेनं पोरीला टेबलावर निजवलं आणि फ्रॉक अलगद वर ओढून काढला. मी वाकून पोरीचं अंग बघितलं. पाठ, पोट, काखा, मांड्यांच्या वळ्या. कुठं ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. ती रडतच होती. रडताना उघडलेल्या तोंडात खालच्या हिरडीवर पांढरं टोक दिसलं आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. टाचणीच, असं वाटलं. बोट लावलं. दात होता.

मग फ्रॉक. चुंबक घेरावरून फिरवलं, अस्तरावरून फिरवलं, बाह्यांवरून फिरवलं. मग कात्री घेऊन मी माझीच दुमड उसवली आणि शिवण चिमटीतून इंच इंच ओढून पाहिली. काही नाही. सून खाली वाकून फरशीवर चुंबक फिरवत होती. फ्रॉकची पिशवी झटकली, पोरीचं अंथरूण झटकलं. काही नाही.

रेडिओ पोरीला उचलून घेऊन भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे नाही ना? नाही ना गं?"

मला हो म्हणता येईना. नाही सापडली म्हणजे नाही, असं थोडंच असतं? जिन्यात पडली असेल. अंथरुणाच्या कापसात शिरली असेल. ही पोर रांगते. आज नाही सापडली तर उद्या तिला सापडेल.

"पोरीला खाली सोडू नकोस," मी तिला म्हणाले. "मी सांगेपर्यंत कडेवरच ठेव."

मग मी सुनेला म्हणाले, "आता चल दवाखान्यात."

क्ष-किरणाच्या खोलीत गारठा होता. तिथल्या माणसानं विचारलं, "अंगावर धातूचं काही आहे का? साखळी, पिन?"

"अंगावर नाही. अंगात आहे का ते बघायलाच आलेय."

त्याला हसू आलं, मला नाही. त्यानं श्वास रोखायला सांगितलं. मी तो त्या पाच टाचण्या मोजल्यापासून रोखूनच धरला होता.

बाहेर बाकावर बसलो. सून माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं रागावली असेल. मी हळूच म्हणाले, "आजपासून मुलांचे कपडे तू शीव. मी हात लावणार नाही." तिनं माझी पिशवी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली. दुकानात मुलांचेच कपडे जास्त येतात. मुलांचे कपडे सोडले तर खिडकीशी बसून मी करणार काय, हे मला आणि तिलाही माहीत होतं. पण तेव्हा त्याचंसुद्धा दुःख झालं नाही. ते दार उघडतं कधी, एवढंच मी बघत होते.

डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो उजेडावर लावला. माझ्या फासळ्या, माझा कणा, आणि खाली डावीकडे एक बारीक पांढरी तिरकी रेघ. एका टोकाला इवलासा ठिपका.

"ही बघा. जठरात आहे."

"सापडली!" मी टाळीच वाजवली. "सूनबाई, सापडली गं! डोक्यासकट आहे बघ, आपलीच आहे!"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. "आजी, ही चांगली बातमी नाहीये. टाचणी टोकदार आहे. जठरातून पुढे सरकली तर आतड्याला भोक पाडू शकते. आत्ता लगेच तोंडातून नळी घालून काढायचा प्रयत्न करू. नाहीच निघाली तर पोट उघडावं लागेल."

"उघडा की," मी म्हणाले. "सूनबाई, आधी तिला फोन कर. म्हणावं, पोरीला खाली सोड."

सून खिडकीशी गेली. या वेळी फोन पहिल्या घंटीला उचलला. "आजी, सापडली. आईंच्या पोटात आहे. हो, नक्की. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. सोडा तिला, खेळू दे." पलीकडून रेडिओ जोरात सुरू झाल्याचं मला खाटेपर्यंत ऐकू आलं.

नर्सनं मला खाटेवर आडवं केलं, कुशीवर वळवलं. हाताला सुई टोचली. पलीकडच्या टेबलावर काळी लांब नळी गुंडाळून ठेवली होती. ती माझ्या घशातून जायची होती. ज्या घशाला मी महिनाभर रोज चाचपत होते, त्याच घशातून.

सून येऊन समोर वाकली. मला वाटलं आता बोलेल, इतका वेळ साठवलेलं सगळं बोलेल. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आई," ती म्हणाली, "पोर ठीक आहे. आता तुम्ही घाबरलात तरी चालेल."

तेव्हा कुठं मी त्या काळ्या नळीकडे नीट पाहिलं. मी तिचा हात घट्ट धरला. भरल्या खोलीत, नर्ससमोर, त्या पोरसवदा डॉक्टरसमोर माझं बोळकं उघडलं, आणि मी त्यावर रुमाल धरला नाही.

"मला फार भीती वाटतेय गं," मी म्हणाले, आणि मोठ्यानं रडायला लागले.