ऋतिकाची साक्ष

बुधवारी नववीतल्या ऋतिकाने तळलेल्या बांगड्याचं ताट सरकवलं, तेव्हा तिच्या मनगटावरचे ओरखडे तिच्या आईला, मालनला, दिसले. वडील आत्माराम जयगडला बंदराच्या गेटवर सुरक्षारक्षक. संशय घेण्याचा त्यांना पगार मिळे. घरी हेच काम ते फुकट करत.

चौकशी सुरू झाली. फोन तपासला, निर्दोष निघाला. दप्तर झाडलं, वह्या पडल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "रत्नागिरीला सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा." मग बाईंवरच संशय आला. शेवटी शेजारच्या सखूकाकूंनी दिवाळीत दिलेली लोणच्याची बरणी करणीची ठरवून परसात पुरण्यात आली. ऋतिकाची साक्ष कुणी काढली नाही.

शनिवारी देवळात कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, शेजारणीनं काय केलं असंल तर उजवा दे!"

डावी पडली.

"परत लाव," आत्माराम म्हणाले. देवाला चूक सुधारायची संधी मिळाली. पुन्हा डावीच.

"मग मालनच्या माहेरचं कोन तरी असंल," आत्माराम म्हणाले.

"मला विचारा ना," ऋतिका म्हणाली. "मला रोज वाटतं, मी नसलेलीच बरी."

दादू पुढे सरकला. "कोन बोलतंय गो तुज्या आतून?"

"मीच. ऋतिका."

दादू मागे सरकला. खरं नाव सांगणारं भूत त्याने पाहिलं नव्हतं.

मालनने पोरीचा हात धरला. "चल गो, रत्नागिरीची गाडी गाठू."

"येड्यांच्या डाक्टरकडं?" आत्माराम ओरडले. "गावात बोभाटा झाला तर उद्या हिला स्थळ कोन आनील?"

"स्थळ यायला पोरगी जिती लागते! तुमी बसा कौल लावीत."

एसटीत लेकीला खिडकीशी बसवून मालनने हळूच विचारलं, "कधीपासून गो असं वाटतंय?"

"गणपतीपासून."

माघ चालू होता. मालनने बोटं मोजली आणि ती पाचव्या बोटावर थांबली. पाच महिने घरात कोण आलं, काय देऊन गेलं, कोणी वाकडं पाहिलं, सगळं ध्यानात ठेवलं होतं. घरातली मुलगी मात्र रोज थोडी थोडी निघून चालली होती, आणि त्या वाटेवर पहारा नव्हता.