कडी एकदाच वाजते

मालिकेचा पहिला भाग लिहायला शिकावं हे माझ्या डोक्यात कुठून आलं, ते विचारू नका. नांदुऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं छापून कंटाळले होते, एवढंच समजा. मोबाइलवर आठ रविवारांचा वर्ग होता. शिकवणाऱ्या सुचिता मॅडम पुण्याच्या. पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं, मनातलं लिहायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मला हे फार आवडलं. मनातलं लिहायचं नसेल तर भावाची गोष्ट मी बेधडक लिहू शकत होते.

गोविंदा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला आणि त्याच उन्हाळ्यात घरातून गेला, तो गेलाच. त्याला आता बारा वर्षं झाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. बाबांची घागर आम्ही दर वर्षी भरतो. बारा वर्षं पत्ता नाही म्हणजे माणूस गेला असं धरायचं, म्हणून यंदा रामरावकाका स्वतः कुंभाराकडून दुसरी घागर घेऊन आले. मायनं ती ओसरीत पालथी घातली.

"जित्या मानसाची घागर भरत नसतेत, भाऊजी," ती म्हणाली. काका चहा न घेताच गेले.

माझा पहिला मसुदा मॅडमनी परत पाठवला. त्यात भाऊ पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि बहीण रडत रडत त्याला अडवते.

"मयुरी, भाऊ खरा वाटतो," मॅडम फोनवर म्हणाल्या, "पण बहीण फारच गुणाची झालीय. भांडणात असं कुणी बोलतं का? ती खरं काय म्हणाली असेल?"

दोन दिवस मी कागदाला हात लावला नाही. ती काय म्हणाली होती ते मला चांगलंच माहीत होतं. बारा वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, मायला तर नाहीच. तिला कळलं तर ती पुन्हा माझं तोंड पाहणार नाही, अशी मला भीती होती.

तिसऱ्या दिवशी मात्र खरं तेच लिहून टाकलं. शेवटी प्रेक्षकाला अडकवून ठेवणारं काहीतरी हवं, असा मॅडमचा हट्ट. बराच वेळ पेन चावलं आणि एक गोष्ट मनानंच घातली: बहीण दार लावते, मग बाहेरून कडी वाजते, एकदाच, आणि भाग संपतो. स्वतःवर जाम खूश झाले.

लिहिलेलं ज्या त्या पात्राच्या आवाजात मोठ्यानं वाचायचं आणि रेकॉर्ड करून पाठवायचं, हा वर्गाचा नियम होता. आखाजीला दुकान बंद होतं. माय स्वयंपाकघरात सांजोऱ्या तळत होती. उन्हामुळे समोरचं दार लावलेलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून मी कूलर बंद केला.

"मयुरे, थांबू का मी?"

गोविंदासाठी मी आवाज जरा खाली नेला होता. तो इतका हुबेहूब निघाला की माझीच नजर दाराकडे गेली. मग माझं वाक्य वाचलं.

"जाय. तुह्यावाचून कोनाचं अडून नाई राह्यलं इथं."

मग खालची सूचना. "बहीण दार लावते. कूलर सुरू करते. बाहेरून कडी वाजते. एकदाच."

तळणाचा आवाज थांबला. माय झारा हातात घेऊन आली. तेल फरशीवर गळत होतं.

"तुले कोनं सांगतलं?"

"काय, माय?"

"कडीचं."

"कोनी नाई. मनानं लिवलं. शेवट पायजे होता."

ती तिथंच भिंतीला टेकून बसली. "तू त्याले जाय म्हनलं, ते मले तवाच ऐकू आलतं. भाऊ-बहिनीत होते तसं. पन तो गल्लीच्या तोंडाहून वापस आलता, खिडकीतून पाह्यलं मी. कडी वाजवली त्यानं. कूलरच्या आवाजात तुले नाई ऐकू आली. मले आली."

"मंग उघडलं काऊन नाई?"

"मले वाटलं, तू बोलली त तूच उठावं, तूच उघडावं. मी वाट पाहत बसली. मंग पाह्यलं त कोनी नव्हतं."

मला रडू फुटलं आणि खरं सांगते, तिचा रागही आला. चोर मी एकटीच आहे असं समजून बारा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं होतं. आणि ती कडी माझ्या कागदावर कुठून आली, ते मला अजून कळलेलं नाही.

"पुढं काय लिवलं?" मायनं पदरानं तोंड पुसत विचारलं.

"पुढचा भाग नाई लिवला अजून."

"मंग उघडा म्हना कोनीतरी दार."

ती उठली आणि तिनंच दार उघडलं. ऊन थेट आत आलं. ओसरीत कुणी नव्हतं, गल्लीतही नव्हतं. बाहेर कुणी चपला काढत असावं आणि आपण त्याच्यासाठी थांबावं, तेवढा वेळ ती उंबऱ्यात थांबली. मग तिनं पालथी घागर उचलली, नळाखाली धरली आणि गोविंदाचं नाव घेतलं.

घागर भरल्यावर मी दार लावायला गेले. तिनं लावू दिलं नाही.