नीलम्माच्या चुलीची जागा

तामलवाडीत नीलम्माच्या कडक भाकरीला तोड नव्हती. पापडासारखी पातळ, मोडली की कडकन् वाजणार, आणि महिनाभर डब्यात ठेवली तरी मऊ पडायची बिशाद नाही. धंद्याचं भांडवल म्हणजे एक काटवट, दोन तवे आणि भाड्याच्या घराच्या परसातली मातीची चूल. त्यातली चूल सगळ्यात महत्त्वाची. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीपुढच्या विस्तवाला टेकवून उभी करायची, तिथं ती निवांत वाळते, तेव्हा कुठं कडक होते. गॅसच्या शेगडीला कुठून आणणार विस्तव? पण हे नवऱ्याला कोण सांगणार!

नवरा शांतलिंग तसा गडी सोन्यासारखा. दहा वर्षं राबून त्यानं हमरस्त्याजवळ स्वतःचं घर बांधलं. भिंतींना आकाशी रंग, खाली गुळगुळीत फरशी, स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. सगळं होतं, चुलीला तेवढी जागा नव्हती. मागं भिंतीला लागून दुसऱ्याचा प्लॉट, आणि पुढं पत्र्याचं छप्पर होतं ते मोटरसायकलीसाठी.

"धुरानं रंगाचं वाटोळं व्हतंय," तो म्हणाला. "गॅसवर कर की आता. दुनिया सुधारली."

"दुनिया सुधारली असंल, जवारी न्हाय सुधारली. पत्र्याखाली मांडू का चूल?"

"तिथं माझी गाडी ऱ्हाणार."

त्या गाडीला तो रोज सकाळी लेकराला न्हाऊ घालावं तसा धुऊन पुसायचा. तिथं चुलीची काय कथा! नीलम्मानं सासूकडं आशेनं पाहिलं. धुरपताबाई पानाचा पितळी डबा मांडीवर घेऊन बसलेली. पान जमवता जमवता म्हणाली, "घर त्याचं, ओटा त्याचा. मला म्हातारीला कशाला इचारता?"

नीलम्मानं ते मनाला लावून घेतलं. शेवटी आई लेकाचीच, असं तिनं ठरवून टाकलं आणि दोन दिवस सासूशी कामापुरतंच बोलली.

घर हलवायचा दिवस ठरला. संध्याकाळी चार वाजून चाळीस मिनिटांनी नव्या घरात दूध उतू घालवायचं होतं. आणि नेमकी त्याच दिवशी बलभीमची ऑर्डर! बलभीम मूळचा भूम गावचा, पुण्यात त्याची खानावळ. पहिल्यांदाच तीनशे भाकरी मागितल्या होत्या आणि दुपारी तीनला गाडी घेऊन येणार होता. नीलम्माचा हिशेब पक्का होता. पहाटे बसायचं, दहापर्यंत भाकरी आटपायच्या, मग देव हलवायचे. शेजारची हरणाबाई मदतीला आली आणि सातपर्यंत दोनशे भाकरी झाल्यासुद्धा.

तेवढ्यात दारात टेम्पो वाजला. नीलम्मा पिठाच्या हातानं बाहेर आली, तर शांतलिंग नव्या घरी देव ठेवून परत आलेला! अंगात नवा सदरा, कपाळाला विभूती, तोंडभर हसू.

"देव पोचले बरं का," तो ऐटीत म्हणाला. "टेम्पोवाल्याला धा वाजता दुसरं भाडं हाय. आन देव पयले न्यायचे असत्यात, म्हनून म्या आधी त्येच नेले."

"आवं, देव काय पळून चालले व्हते का?"

धुरपताबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "झालं! देव हलले. आता ह्या घरात तवा चढायचा न्हाय."

"आत्याबाई, शंभर भाकरी ऱ्हायल्यात! मग नव्या घरी करू का?"

"दूध उतू गेल्याबिगर तिथं काय शिजवायचं न्हाय."

म्हणजे पुरती पंचाईत! दोन घरं असून बाईला भाकरीला जागा नाही. नीलम्मा उंबऱ्यावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. शांतलिंग बिचारा सदऱ्याची बटनं चाचपत उभा राहिला. रडून झाल्यावर मात्र नीलम्माला राग आला, आणि रागानं डोकं चालायला लागलं.

"आत्याबाई, दोन्ही घरांच्या मधी चिंच हाय. तिथं मांडली चूल तर? ते कुणाचंच घर न्हाय."

म्हातारीनं डोळे बारीक केले, विचार केला. "वाटेला कशाचा आलाय नेम? मांड. पण हितला विस्तव टाकून जाऊ नगं. घमेल्यात घे."

टेम्पो भरायची गडबड सुरू झाली. धुरपताबाई आत-बाहेर करत होती, पण पानाचा डबा काखेतून काढेना. टेम्पोवाला म्हणाला, "आजी, द्या, ठेवतो वर," तर त्याच्या अंगावर खेकसली. सामान नव्या घराकडं गेलं आणि बायकांनी चिंचेखाली तीन दगड मांडले.

मग काय सांगावं! काटवटीवर थापट्यांचा आवाज सुरू झाला आणि रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस थबकायला लागलं. शेताकडं निघालेला महालिंगप्पा बैलगाडी थांबवून ओरडला, "काय नीलाक्का, हॉटेल काढलं का रस्त्यावर?"

"घर हलिवतीया, मामा!"

"घर हलवायची ही कोणती तऱ्हा?"

हरणाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. महालिंगप्पानं शेंगाचटणीसोबत एक भाकरी हाणली, चार बांधून घेतल्या. एसटीतून लोक माना काढून बघत गेले. नीलम्माला आधी लाज वाटली, मग मजा वाटायला लागली. महालिंगप्पाच्या पाच सोडून अडीचला तीनशेवी भाकरी विस्तवाला टेकली.

बलभीम धूर बघूनच थांबला. एक भाकरी मोडून कानाशी वाजवली, तुकडा तोंडात टाकला आणि मान डोलावली. "ताई, दर सोमवारी तीनशे पायजेत. पर चुलीवरच्याच. गॅसवर करणार असाल तर आधी सांगा, म्या दुसरीकडं बघतो."

"सांगते," नीलम्मा म्हणाली आणि तिनं भाकरी मोजून त्याच्या गाडीत चढवल्या. आजचा दिवस चिंचेनं निभावला, सोमवारचं काय? रोज कोण वाटेवर संसार मांडतं? उरलेला विस्तव घमेल्यात भरून ती जड पावलांनी नव्या घराकडं निघाली.

तिथं वेगळाच गोंधळ! अंगणभर पोती उघडी पडलेली आणि शांतलिंग घामाघूम. शेगडी सापडली, टाकी सापडली, नळीसुद्धा सापडली, रेग्युलेटर मात्र गायब. तो पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून आला होता आणि नव्या सदऱ्याची बाही पांढरीफेक झाली होती. मुहूर्ताला उरली दहा मिनिटं.

"कुणाचा तरी मागून आणतो," म्हणत तो गाडीकडं पळाला.

"दुसऱ्याच्या घरचं घेऊन पयलं दूध तापवतो व्हय रं?" धुरपताबाई कडाडली. मग सुनेकडं वळली. "नीला, घमेल्यात विस्तव हाय का?"

"हाय की."

"आपल्या घरचाच हाय तो. आण आत."

"आत नगं!" शांतलिंग ओरडला. "माझा रंग!"

"मग पत्र्याखाली मांडू. काढ ती गाडी," म्हातारी म्हणाली.

त्यानं स्वतःच्या हातानं गाडी उन्हात ढकलली. नीलम्मानं तीन विटा मांडल्या, विस्तवावर काटक्या घातल्या, फुंकर मारली. बरोबर चार चाळीसला दूध वर आलं आणि फसफसत विटांवर उतू गेलं. धुरपताबाईनं हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि उठता उठता म्हणाली, "शांत्या, घरातलं पयलं दूध जिथं उतू जातं ती चुलीची जागा. चूल तिथनं हलवायची न्हाय."

"असं कुठं असतंय आई? म्या तर कधी ऐकलं न्हाय!"

"तू किती घरं हलिवलीस रं आजपतुर?"

शांतलिंगानं उन्हात उभ्या गाडीकडं पाहिलं, दुधानं भिजलेल्या विटांकडं पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "गाडी चिंचंखाली लावीन." आणि स्वतःच हसायला लागला.

दिवे लागले. नीलम्मा सासूचं अंथरूण घालायला आतल्या खोलीत गेली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, घडीघडीला पान लागणाऱ्या म्हातारीनं आज सकाळपासून एकदासुद्धा डबा उघडला नव्हता.

"आत्याबाई, पान न्हाय खाल्लं आज?"

धुरपताबाईनं दाराकडं नजर टाकली, शांतलिंग बाहेर आहे याची खात्री केली आणि डबा सुनेच्या हातात दिला. नीलम्मानं झाकण उघडलं. कोमेजलेल्या पानांवर रेग्युलेटर ऐटीत बसला होता.

"आत्याबाई!"

"हळू बोल! लेकाच्या तोंडावर न्हाय म्हणवत न्हाय मला. पर चुलीबिगर तुझं काय चाललं असतं?" म्हातारी कुजबुजली. "त्याला सांग, पोत्यात गावला. आन आधी पान लाव मला. सकाळधरनं तोंड सुकलंय."

नीलम्माला हसू आवरेना आणि डोळेही पुसता येईनात, कारण दोन्ही हातांत डबा होता. तिनं डबा खाली ठेवला, त्यातल्या त्यात बरं पान निवडलं आणि सासूला भरपूर कात-चुना लावून दिलं.