पालथी टोपी

चारा पुरेना, म्हणून आमची म्हातारी घोडी जुनिपर विकायला काढली होती. डॅलसहून गिऱ्हाईक आलं. कोरी टोपी, ताटलीएवढं बक्कल, बुटांना शेणाचा ठिपकाही नाही. घरात येताच त्यानं टोपी टेबलावर पालथी घातली.

मामंजी फिस्सकन हसले. "अरे लेका, काऊबॉय टोपी उताणी ठेवतो. पालथी घातली की नशीब सांडतं. गुरं किती तुझी?"

"अजून नाहीत. पोशाख मात्र पूर्ण झालाय. आता फोटोपुरती घोडी हवी."

माझं बाळ जुनिपरच्या मानेला बिलगून झोपतं. ती ह्या बुजगावण्याला देऊ?

"घोडी विकायची नाही. चाऱ्याचं आम्ही बघू," मी म्हणाले आणि टोपी उताणी करून त्याच्या हातात दिली. "आधी ह्यात थोडं नशीब साठव."