मोळीला हात

पुरती बांधलेली मोळी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही, मग तिची मान कितीही भक्कम असो. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीतल्या पोरी ही गोष्ट फार लहानपणी शिकत. म्हणून बायका रानात कधी एकट्या जात नसत. माळावर मोळ्या बांधून झाल्या की दोघीजणी मिळून तिसरीची उचलत, मग चौथीची. आणि अखेरीस एकच मोळी जमिनीवर उरली की आधी ओझे घेतलेली एक बाई ते नुसत्या मानेवर तोलून धरी, एका हाताने झाड पकडून गुडघ्यांत वाके आणि दुसऱ्या हाताने त्या शेवटच्या मोळीला टेकू देई. याला वाडीत मोळीला हात लावणे म्हणत. घरी भांडण असो, पाणवठ्यावर बोलणे बंद असो, माळावर हात नाकारायचा नाही, असा रिवाज होता. तो कोणी घातला हे कोणाला ठाऊक नव्हते आणि तो मोडल्याचेही कोणाला आठवत नव्हते.

शेवटच्या मोळीला टेकू देण्याचे काम कस्तुराबाईचे. तेवढी मान दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि तेवढा मानही.

लोणावळ्यात प्रत्येक मोळीवालीचे एक दार ठरलेले असे. एखादीचे खाणावळीचे, एखादीचे भट्टीवाल्याचे. कस्तुराबाईचे दार मुंबईच्या एका शेठच्या बंगल्याचे होते. तिच्या सासूने ते मिळवले, सासूच्या मागे ते तिच्याकडे आले, आणि आपल्यामागे ते सून मुक्ताकडे जायचे, हे तिने मनोमन केव्हाच ठरवून टाकले होते. बंगल्याच्या मुदपाकखान्यापर्यंत जाणारी मोळीवाली ती एकटीच. बाकीच्या रस्त्यावर उभ्या राहून हाका मारीत. दर वैशाखात बंगल्याची अगोट भरली जाई, म्हणजे पावसाळाभर पुरेल इतके लाकूड पडवीत रचून ठेवले जाई. जिचे लाकूड अगोटीला, तिचे दार वर्षभर पक्के.

त्या साली नेमक्या चैत्राच्या अखेरीस कस्तुराबाईला हिवतापाने गाठले. मुक्ता बाळंतपणाहून नुकतीच परतली होती; तिला ओझे उचलवत नव्हते. बंगल्यात पाहुणे उतरलेले आणि चुलीला लाकूड नाही. तेव्हा रज्जाक बावर्चीने फाटकाबाहेर येऊन रस्त्याने जाणाऱ्या पहिल्या मोळीवालीला आत बोलावले. ती बया नावाची, त्याच वाडीतली. महिपतीची विधवा सून, पदरात ठकू नावाची चार वर्षांची पोर. बयाने मोळी टाकली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा आणायला सांगितले, तिने पुन्हा आणली.

ताप उतरताच कस्तुराबाई काठी टेकीत बंगल्यावर गेली. रज्जाक भला माणूस होता, पण चुलीपाशी आयुष्य गेलेल्या माणसाला धुराचा राग असतो.

"मावशी, खरं सांगू का? त्या बयाचं लाकूड खडखडीत असतं. तुझ्या मोळीत वरून कोरडं आणि पोटात ओलं. डोळे गेले माझे तुझ्या लाकडानं."

"माझ्या सासूपास्नंचं दार हाय ह्ये, रज्जाकभाई."

"दार तुझंच गं. पण अगोटीला लाकूड तिचं घेईन म्हणतो. शेठाणी सोता बघायला येणार आहे."

कस्तुराबाई काठी टेकीत परतली. ओल्या लाकडाची गोष्ट खरी होती. ओले लाकूड जड असते, मोळी भरल्यासारखी दिसते, आणि कोरडे शोधीत रान धुंडाळण्याचे कष्ट वाचतात. पण ती खरी आहे म्हणून तिचा राग कमी झाला नाही. उलट दुप्पट झाला.

बयाने वाटेत तिला गाठले आणि पायांवर हात ठेवला. "मावशी, त्यांनी बलावलं म्हनून गेलते. तुमी बऱ्या झालात, आता तुमीच जावा. अगोटीचं अर्धं माजं, अर्धं तुमचं, असं करू या. मी सांगते त्यास्नी."

"तू सांगनार?" कस्तुराबाई हसली. "माज्या दारात मला अर्धं द्यायला तू कोन गं? लय मोठी झालीस की."

आठवड्याभराने कस्तुराबाई आणि मुक्ता पुन्हा ओझे उचलण्याजोग्या झाल्या. त्या दिवशी माळावर नेहमीसारख्या मोळ्या बांधून झाल्या. एकेक चढत गेली. बयाची जमिनीवर राहिली. बया मोळीपाशी उभी राहून, चुंबळ डोक्यावर बसवून वाट पाहू लागली. कस्तुराबाई आपले ओझे घेऊन तिच्या समोर आली. तिने बयाकडे पाहिले, मोळीकडे पाहिले आणि वळून पायवाटेला लागली.

ती एक शब्दही बोलली नाही. बोलण्याची गरजच पडली नाही. मागोमाग धोंडाबाई निघाली, तिच्यामागे मुक्ता. रतनबाई सर्वांत तरुण. ती क्षणभर घुटमळली, एक हात वर करू लागली. पुढून कस्तुराबाईचा आवाज आला, "रतन, उन्हं चढली बघ." हात खाली आला.

त्या दिवशी बयाने अर्धी मोळी सोडली आणि उरलेली एकटीने घेऊन गेली. बंगल्यावर रज्जाक म्हणाला, "इतकंसं? यानं अगोट भरायची का?" त्याच्या पुढच्या दिवशी तिने मोळी एका खडकावर ओढत नेली, खाली बसून डोके तिच्याखाली घातले आणि उठली. उठताना मानेतून कळ गेली ती दोन्ही खांद्यांत उतरली. तरी पुरी मोळी बंगल्यात पडली.

संध्याकाळी पाणवठ्यावर बायका हे एकमेकींना सांगत होत्या.

"मान वाकडी झालीया तिची. पाक कोंबडीवानी."

"तरी जातीयाच की."

"जाऊंदे. वाकडीच्या वाकडी जाईल." कस्तुराबाईने घागर बुडवली, आणि बायका हसल्या. मुक्ताही हसली. ती आणि बया एका मांडवात लग्न लागून वाडीत आल्या होत्या. सणावारी एकमेकींच्या वेण्या घालीत. हसताना तिने सासूकडे पाहिले, सासूने पाहिले की नाही ते बघायला.

तिसऱ्या खेपेला बयाला मोळी खडकावर चढवता येईना. तिने दोर कमरेला बांधून ती उतारावरून घसटत खाली आणली, आगगाडीच्या रुळापर्यंत. तिथे रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगमधला गेणू खडी सारीत होता. केस पिकलेला, नातवंडे असलेला माणूस. त्याने फावडे ठेवले.

"पोरी, मान बघ तुजी काय झालीया. थांब, उचलून देतो."

"नको, आबा. बाप्याचा हात न्हाई लावू द्यायचा."

"तुजा बाप असता तर लावला नसता व्हय? धर."

त्याने मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. वरच्या पायवाटेने कस्तुराबाईच्या ओळीतल्या बायका चालल्या होत्या. सगळ्यांनी ते पाहिले. वाडीत समजूत अशी की परक्या पुरुषाने ज्या बाईची मोळी उचलली, त्याने तिचा भारही उचलला, म्हणजे तिला ठेवून घेतली. कस्तुराबाई थांबली नाही. उलट तिची चाल जरा हलकी झाली.

त्याच संध्याकाळी ती मुक्ताला घेऊन महिपतीच्या अंगणात जाऊन बसली. महिपती तापट आणि मानी. मुलगा गेल्यापासून सुनेचे तोंड त्याला सहन होत नसे, पण नातीवर त्याचा जीव होता.

"आबा, मला सांगायला बरं वाटत न्हाई," कस्तुराबाई म्हणाली, "पर उद्या गावानं सांगण्यापरास घरच्यानं सांगावं."

तिने सांगितले. वाढवून काहीच सांगितले नाही. रूळ, गेणू, मोळी. महिपतीने धोंडाबाईला आणि रतनबाईला बोलावून विचारले. दोघी जमिनीकडे बघत "व्हय" म्हणाल्या.

बया घराच्या उंबऱ्यावर आली. वाकडी मान सरळ करण्याचा तिचा प्रयत्न अंगणातल्या सर्वांना दिसला.

"मामंजी, ह्या कुनी माज्या मोळीला हात लावीना म्हनून. तीन दिस झालं. इचारा त्यास्नी."

महिपती वळला. "काय गं कस्तुरा? हात लावत न्हवता व्हय?"

"कोन म्हनतं?" कस्तुराबाईने दोघींकडे पाहिले. "पोरींनो, मी कुनाला नको म्हनले व्हते का? सांगा की. ह्याच तुळशीम्होरं सांगा."

धोंडाबाई म्हणाली, "न्हाई."

"रतन?"

रतनबाईने ओठ दाबले. "नको म्हनल्या न्हाईत."

आणि ते खरे होते. कस्तुराबाईने त्या साऱ्या दिवसांत कोणालाच नको म्हटले नव्हते. तिला स्वतःलाही त्या क्षणी आपण काही केले आहे असे वाटले नाही. बया कोणाच्या तरी तोंडून आणखी एक शब्द येईल म्हणून एकेकीकडे पाहत राहिली. शेवटी तिने मुक्ताकडे पाहिले. मुक्ता कडेवरच्या बाळाचे टोपरे नीट करीत होती.

"सकाळी म्हायेराला जा," महिपती म्हणाला. "पोर हितंच ऱ्हाईल. माज्या लेकाची हाय."

"मामंजी, तिला माज्याबिगर झोप लागत न्हाई."

"लागंल."

बेगडेवाडीकडे बयाचा भाऊ होता, स्वतःच दुसऱ्याच्या दारात राबणारा. पहाटे ती निघाली तेव्हा ठकू घरात झोपलेली होती. कोणी तिला उठवले नाही, आणि बयानेही उठवले नाही. वाटेवर मोळीवाल्या रानाकडे चालल्या होत्या. बया बाजूला होऊन उभी राहिली. ओळ तिच्यासमोरून गेली. कोणी थांबले नाही, आणि मागून पोरीचे रडणे ऐकू येऊ लागले तरी कोणी मागे पाहिले नाही.

रानात एका कातळाला बयाने ऐनाचे लाकूड उभे करून सुकत लावले होते. त्याच्या डोक्यावर दगड ठेवलेला. दगड ठेवलेल्या लाकडाला दुसऱ्या बाईने शिवायचे नाही, हाही रिवाजच. कस्तुराबाईने तो दगड उचलून झाडीत फेकला.

"बांधा," ती म्हणाली. "सडून जाण्यापरीस चुलीत गेलं तर बरं."

त्या लाकडाने बंगल्याची अगोट भरली. रज्जाकने मोळीच्या पोटातून एक दांडके ओढून बघितले, बोटाने वाजवले आणि मान डोलावली. शेठाणीनेही पडवीत येऊन पाहिले, तेव्हा रज्जाक म्हणाला, "मावशी, आता कसं? असं आणत जा. आणि ती बया कुठं आहे?"

"म्हायेराला गेली."

"बरं झालं. विश्रांती हवीच होती तिला." मग त्याने मुक्ताला आत बोलावले आणि पुढच्या खेपेचे लाकूड कोठे रचायचे ते दाखवले. कस्तुराबाई फाटकापाशी उभी राहून पाहत होती. दार सुनेच्या पायाखाली आले होते.

पाऊस तोंडावर आला होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा माळावर गेल्या. मोळ्या बांधल्या, एकेक चढली. रतनबाईची शेवटी जमिनीवर राहिली. पूर्वी अशा वेळी कस्तुराबाई टेकू द्यायला येण्याआधीच जी जवळ असेल तिचा हात आपसूक पुढे होई. आज धोंडाबाईचा हात अर्ध्यावर थांबला. मुक्ताचाही थांबला. सगळ्या कस्तुराबाईकडे पाहू लागल्या, आणि रतनबाई डोक्यावर चुंबळ धरून, मान खाली घालून उभी राहिली. तिने काहीच केले नव्हते. तरी ती आपल्या हातून काय चुकले ते आठवीत होती, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

कस्तुराबाईने कासोटा घट्ट केला, पदर नीट खोवला, आणि सगळ्याजणी आपल्यासाठी थांबल्या आहेत हे पाहून आणखी थोडा वेळ घेतला.